गळक्या झडपेची साक्ष

हृदयाच्या उजव्या बाजूला वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये तीन पाकळ्यांची एक झडप असते, त्रिदल झडप. धडधाकट माणसांतही ती पुष्कळदा किंचित गळते. खालचा कप्पा आकुंचन पावला की रक्ताची बारीक धार उलटी वरच्या कप्प्यात शिरते. एरवी कुणी दखलही घेऊ नये इतकी ही क्षुल्लक गळती. पण फुप्फुसाकडे रक्त नेणाऱ्या धमनीतला दाब हृदयात नळी न घालता अजमावायचा असेल, तर टूडी इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, मुख्य भिस्त याच गळतीवर असते.

दंडाला पट्टा बांधून मोजतात तो हा दाब नव्हे. पल्मनरी आर्टिरियल हायपरटेन्शन, डॉक्टरांच्या बोलण्यातले ‘पीएएच’, या आजारात फुप्फुसातल्या बारीक धमन्यांच्या भिंती जाड होतात, आतली वाट अरुंद होते आणि तिथून रक्त पुढे ढकलण्यासाठी उजव्या खालच्या कप्प्याला झटावे लागते. रुग्णांत बायका जास्त, त्यातही तरुण पुष्कळ. जिना चढताना धाप लागते, पुढे पाय सुजतात, कधी चक्कर येऊन पडायला होते. रक्त कमी आहे, वजन वाढले आहे, दमा असेल, असे निरनिराळे शिक्के बसून झाल्यावर कुणीतरी इको काढायला सांगते.

इकोचे तंत्र आले जहाजांच्या गोदीतून. स्वीडनमधल्या लुंड इथले हृदयरोगतज्ज्ञ इंगे एड्लर यांना शस्त्रक्रियेपूर्वी डाव्या बाजूच्या झडपेची अवस्था कळायला हवी होती. जहाजाच्या पोलादातले दोष ध्वनिलहरींनी शोधतात, हे भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुट हर्ट्झ यांना ठाऊक होते. माल्मोच्या कोकम्स गोदीतले तसले यंत्र उसने घेऊन हर्ट्झ यांनी ते स्वतःच्याच छातीला लावले, तर पडद्यावरचा प्रतिध्वनी हृदयाबरोबर हलताना दिसला. हे 1953 साल. पुढे बरीच वर्षे सगळ्यांचे लक्ष हृदयाच्या डाव्या बाजूकडेच राहिले. उजवा कप्पा छातीच्या हाडामागे दडलेला, आकाराने वेडावाकडा, मोजायला अवघड.

त्याच्या दाबापर्यंत पोहोचण्याची वाट वाहत्या रक्ताचा वेग ध्वनिलहरींनी मोजणाऱ्या डॉप्लर तंत्राने दाखवली. नळाला लावलेल्या पाइपचे तोंड बोटाने दाबले की पाणी जोरात उडते आणि मागचा दाब जितका जास्त तितका त्या धारेचा वेग जास्त. गळक्या झडपेतही तेच घडते. वेगावरून दाबातला फरक काढण्याचे सोपे सूत्र 1970च्या दशकात नॉर्वेत ट्रॉन्डहाइमच्या लिव हाट्ले यांनी रुग्णांच्या रोजच्या तपासणीत आणले, आणि 1984 मध्ये स्टॅनफर्डच्या पॉल यॉक आणि रिचर्ड पॉप यांनी ते त्रिदल झडपेच्या गळतीला लावून दाखवले. सेकंदाला मीटरमधल्या वेगाचा वर्ग करायचा आणि चारने गुणायचे. वेग 3.5 असेल तर उत्तर 49 मिलिमीटर पारा. त्यात वरच्या कप्प्यातला दाब मिळवायचा. तोही अंदाजानेच घेतात: पोटाकडून येणारी मोठी शीर किती रुंद आहे आणि रुग्णाने नाकाने झटकन श्वास ओढला की ती किती मिटते, हे पाहून 3, 8 किंवा 15.

सूत्र सोपे आहे, धार पकडणे अवघड. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून, जेली लावून, बरगड्यांच्या फटीतून प्रोब धरायचा. फुप्फुसातली हवा आवाज अडवते, म्हणून श्वास सोडून थांबायला सांगायचे. ध्वनिकिरण धारेच्या रेषेत बसला नाही तर वेग खरा असतो त्याहून कमी दिसतो आणि वर्गामुळे चूक फुगते. खरा वेग 4 आणि पडद्यावर 3.6 आला, तर 64च्या जागी 52 मिळतात. काहींची झडप मोजण्याजोगी गळतच नाही; म्हणून दाब वाढलेला नाही, असे मात्र म्हणता येत नाही. जॉन्स हॉपकिन्समधल्या डॉक्टरांनी 2009 मध्ये इको आणि कॅथेटरचे, म्हणजे हृदयात घातलेल्या नळीचे, आकडे शेजारी मांडले, तेव्हा 48 टक्के रुग्णांत दोहोंत पाऱ्याच्या 10 मिलिमीटरहून अधिक तफावत निघाली. रिपोर्टमधल्या त्या एका आकड्याभोवती लाल पेनाने गोल काढून घरभर चिंता पसरवण्यात मला म्हणूनच अर्थ वाटत नाही. युरोपच्या 2022च्या मार्गदर्शक सूचनाही दाबाऐवजी धारेचा वेग धरतात: 2.8पर्यंत शक्यता कमी, 3.4च्या वर जास्त. मधल्यांचा निर्णय इतर खुणांवर.

या इतर खुणांतच इकोची खरी करामत आहे. निरोगी हृदयाचा आडवा छेद पाहिला तर डावा कप्पा गोल दिसतो आणि उजवा त्याला चंद्रकोरीसारखा बिलगलेला. दाब वाढला की उजवा फुगतो, मधला पडदा डावीकडे रेटतो आणि गोलाचा इंग्रजी ‘डी’ होतो. अनुभवी डोळ्यांना हे आकडेमोडीआधीच कळते. उजवा वरचा कप्पा 18 चौरस सेंटीमीटरच्या पुढे गेला का, आकुंचनाच्या वेळी त्रिदल झडपेची कड निदान 17 मिलिमीटर सरकते का (हे माप ‘टॅप्सी’), हृदयाभोवती पाणी साचले का, हेही पाहिले जाते.

कारणाचा शोधही इथेच सुरू होतो. लहानपणी न बुजवलेले हृदयातले छिद्र वर्षानुवर्षे फुप्फुसात जादा रक्त ढकलत राहते आणि धमन्या कायमच्या बिघडतात. आपल्याकडे संधिवाताच्या तापाने आवळलेली डावी झडपही पुष्कळदा सापडते. तिच्यामुळे वाढलेला दाब पीएएच नव्हे आणि पीएएचच्या औषधांनी अशा रुग्णाच्या फुप्फुसात पाणी भरू शकते. अंतिम निदान उजव्या हृदयात कॅथेटर घालूनच होते: सरासरी दाब 20च्या वर, डाव्या बाजूचा दाब 15पर्यंत आणि फुप्फुसाचा अडथळा 2 वुड युनिटहून जास्त.

  

निदानानंतर सिल्डेनाफिल, बोसेन्टानसारखी औषधे सुरू होतात आणि दर काही महिन्यांनी इको होत राहतो. ताज्या रिपोर्टमध्ये दाब 80वरून 60वर आला की नातेवाईक हुरळतात. पण उजवा कप्पा थकला की त्याला धार जोरात फेकताच येत नाही. वेग घटतो, सूत्रातून निघणारा दाबही घटतो आणि रुग्ण मात्र खालावत असतो. अशा वेळी टॅप्सी घसरलेली, वरचा कप्पा ताणलेला आणि मोठी शीर श्वासासरशी न मिटणारी दिसते. तेव्हा नव्या इकोला जाताना जुना रिपोर्ट बरोबर न्यावा, इको शक्यतो त्याच ठिकाणी काढावा आणि डॉक्टरांना दाबाआधी कप्प्याबद्दल विचारावे.