इंग्रजी भूतकाळ आणि मराठीतील ‘ल’

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरा नदीच्या अलीकडे सारोळे हे गाव लागते. तेथील एखाद्या विद्यार्थ्याने ‘मी काल भोरला गेलो होतो’ या वाक्याचे ‘आय हॅड गॉन टु भोर यस्टरडे’ असे इंग्रजी केले, तर शिक्षक ‘हॅड गॉन’ खोडून ‘वेंट’ लिहितात. चूक दुरुस्त होते. ती का झाली, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीच्या वर्गापासून शिकविले जाते. तथापि हीच चूक पदवीधरांच्या लेखनातही आढळते. तेव्हा तिचे कारण पाठांतराच्या अभावात शोधणे व्यर्थ होय.

रूपसिद्धीचा भाग त्यामानाने सोपा आहे. बहुसंख्य इंग्रजी धातूंना भूतकाळी एकच प्रत्यय लागतो. लेखनात तो एकरूप असला, तरी उच्चार तीन : अघोष ध्वनीनंतर ‘ट्’ (वॉक्ट), सघोष ध्वनीनंतर ‘ड्’ (कॉल्ड) आणि धातूच्या अंती ‘ट्’ वा ‘ड्’ असल्यास ‘इड्’ (वाँटिड). अनियमित धातूंच्या याद्यांचा विद्यार्थी उगाच धसका घेतात. ‘कर’चे ‘केले’, ‘ये’चे ‘आला’, ‘हो’चे ‘झाला’ ही रूपे तो घरीच, यादीवाचून शिकलेला असतो. ‘गो’चे ‘वेंट’ हे रूप मुळात ‘वेंड’ या दुसऱ्याच धातूचे. मराठीतही ‘जा’ संस्कृत ‘या’ धातूपासून आला आणि ‘गेला’ हे ‘गम्’च्या ‘गत’ या रूपापासून. दोन्ही भाषांनी नेमक्या याच अर्थाच्या धातूसाठी परक्या धातूचे रूप घ्यावे, हे वर्गात अवश्य सांगण्याजोगे आहे.

‘डिड नॉट वेंट’ या चुकीचेही मूळ मराठीत सापडते. ‘गेलो नाही’, ‘गेलास का?’ यांत भूतकाळाची खूण मुख्य धातूवरच राहते. इंग्रजीत ती ‘डिड’ उचलते व धातू मोकळा होतो.

खरी अडचण अर्थाची आहे. मराठीतील ‘ल’युक्त रूपे ही संस्कृतातील भूतकालवाचक कृदन्तांच्या परंपरेतील होत. म्हणूनच ‘मुलाने पोळी खाल्ली’ येथे क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. हा ‘ल’ प्रामुख्याने क्रियेची पूर्ती सांगतो; क्रिया कोणत्या काळी झाली, हे दुय्यम. हाक मारताच ‘आलोच!’ असे उत्तर देणारा मनुष्य अद्याप जागेवरून हललेलाही नसतो. ‘उद्या पाऊस आला तर’ यात ‘आला’ उद्याचा आहे. इंग्रजीला तेथे वर्तमानकाळ लागतो. उलट इंग्रजी ‘इफ इट रेन्ड टुमॉरो’ यातील भूतकाळ पावसाची शक्यता दूरची ठरवितो.

आता ‘गेलो होतो’ पाहू. ‘तो भोरला गेला आहे’ म्हणजे तो अजून तेथे आहे. ‘गेला होता’ म्हणजे बहुधा परतलाही. ‘होता’ येथे क्रियेचा परिणाम संपल्याचे सांगतो. इंग्रजी ‘हॅड गॉन’चे काम निराळे : भूतकाळातील एखादा क्षण आधी ठरलेला असावा व त्याहीपूर्वी क्रिया घडलेली असावी. ‘गाडी सुटली तेव्हा तो निघून गेला होता’ येथे तो क्षण आहे, म्हणून ‘हॅड’ योग्य. ‘काल’ एवढ्या शब्दाने असा क्षण मिळत नाही.

शालेय व्याकरणात मात्र दोन्ही रूपांना ‘पूर्ण भूतकाळ’ हे एकच नाव आहे. नाव एक म्हणून अर्थ एक, असे विद्यार्थी धरून चालतो; त्यात त्याचा दोष तो काय? पूर्ण भूतकाळाच्या कोष्टकाऐवजी ‘गाडी सुटली तेव्हा’ यासारखी वाक्ये आधी दिली, तर ‘हॅड’ केव्हा लागत नाही, हे सारोळ्याच्या वर्गालाही आपोआप कळू लागेल.