वायर पाच रुपयांची, झरी पाचशेची

वाय-फाय अडतो कुठे

बीड, धारूर, अंबाजोगाईकडची जुनी माळवदाची घरं. दगडमातीच्या भिंती दीड-दोन फूट जाड. वैशाखात आत गारवा असतो, पण वाय-फायचं पाणी तिथंच जोखलं जातं. दुसऱ्या भिंतीपलीकडे सिग्नलची एखादी काडी उरली तर नशीब. नव्या बंगल्यात हेच काम सळईचा स्लॅब करतो. मग लोक आणखी महाग राउटर आणतात. त्यापेक्षा वरच्या मजल्यावर एक लॅनची वायर न्यावी आणि तिथं साधा ॲक्सेस पॉइंट बसवावा. भिंत तीच राहते, फक्त ती ओलांडायचं काम वायर करते.

वायर घेताना

घरासाठी कॅट-६ घ्या. राउटर किंवा स्विचपासून 100 मीटरपर्यंत ती एक गिगाबिटचा वेग बिनतक्रार नेते, आणि एवढं लांब आपलं घर नसतंच. फसवणूक होते ती धातूत. स्वस्त बंडलात बऱ्याचदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. दुकानातच एक तार सोलून ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर बंडल परत ठेवा. ही तार वाकवली की तुटते, शिवाय वायरीतूनच वीज घेणाऱ्या कॅमेऱ्याला लांबवर पुरेशी वीज पोचत नाही. दुकानदार ‘सगळे हीच नेतात’ म्हणेल. नेऊ द्या.

पाइप

खरा खर्च इथं आहे. स्लॅब भरताना आणि गिलाव्याआधी पाइप टाकला तर काम किरकोळ. नंतर भिंत खोदून झरी मारायची म्हणजे धूळ, मजुरी आणि पुन्हा रंग. वायरमन लाइटच्याच पाइपातून लॅन ओढू म्हणतो, कारण त्याचा वेळ वाचतो. ऐकू नका. वेगळा 25 मिलिमीटरचा पाइप घ्या, लाइटच्या पाइपापासून अंतर ठेवा आणि तो ओलांडायचाच असेल तर काटकोनात ओलांडा. वळणाला काटकोनी एल्बो नको, लांब बेंड हवा. खोली आज रिकामी असली तरी पाइपात ओढायची तार सोडून ठेवा.

टोकं

आत आठ तारा, चार जोड्या. दोन्ही टोकांना एकच क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोड्यांचा पीळ जॅकजवळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका. सिग्नलमधला गोंगाट थोपवतो तो पीळच. वेग 94-95 एमबीपीएसवर अडकला तर कंपनीला फोन करण्याआधी जॅक तपासा. 100 च्या वेगाला दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. निळी किंवा तपकिरी तार नीट बसली नसेल तर नेट चालतं, पण लंगडत. साधा टेस्टर लावला की कुठली तार सुटली ते दिवा सांगतो.

गोठ्यापर्यंत, शेडपर्यंत

अंगणातून तांब्याची वायर टांगू नका. वळवाच्या पावसात वीज जवळ कुठे पडली तरी तिचा झटका वायरीतून घरातल्या राउटरपर्यंत येतो. दोन इमारतींच्या मध्ये धातूची तार नसलेली फायबर टाका. काचेतून वीज वाहत नाही.

लाइट गेल्यावर

फायबरचा डबा, राउटर, स्विच आणि ॲक्सेस पॉइंट, सगळे इन्व्हर्टरच्या बोर्डावर घ्या. यातला एकही सुटला तर भिंतीत चांगली वायर असूनही वरच्या खोलीत नेट बंद.