पहिली बोट झाली, आता पुढची कुठली?



थंडीत ईलिंगमध्ये दुपारी चारनंतर अंधार पडायला लागतो. काही घरांत अशा वेळी जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं जातं आणि लाकडी जहाजाचं किट बाहेर निघतं. आजचा विषय अशा घरांसाठी आहे. तुमची मुलांसोबतची पहिली छोटी बोट तयार होऊन खिडकीत जाऊन बसली आहे, आणि आता घरात एकच प्रश्न आहे: पुढची कुठली घ्यायची?

बहुतेकांचं मन लगेच मोठ्या जहाजावर जातं. पोर्ट्समथला पाहिलेलं नेल्सनचं 'व्हिक्टरी' डोळ्यांसमोर असतं. तीन डोलकाठ्या, शंभरावर तोफा, खोक्यावरचं चित्र तर असं की हात आपोआप पुढे जातो. पण थांबा, आधी एक साधं गणित करू.

समजा, असं मोठं जहाज पुरं करायला हजार तास लागले. नोकरी, शाळा, शनिवारचा मराठीचा वर्ग सांभाळून तुम्ही आठवड्याला तीन तास काढलेत, तर हे काम सहा वर्षांहून जास्त चालेल. आज दहा वर्षांची असलेली तुमची मुलगी तोवर जीसीएसईच्या परीक्षेला बसलेली असेल. मग ते जहाज अर्धवट सांगाड्याच्या रूपात माळ्यावर जातं, आणि त्याच्यासोबत तिचा उत्साहही. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण पैशांइतकीच वेळेलाही लागू आहे.

जागेचंही तसंच. 'व्हिक्टरी' सुमारे ६९ मीटर लांब आहे. १:७२ या प्रमाणात, म्हणजे मूळच्या ७२व्या हिश्श्याएवढं केलं, तरी नुसता सांगाडा जवळपास एक मीटर भरतो. नाळेपुढे आलेली काठी धरली की आणखी लांब. ते ठेवणार कुठे, हे खोकं घरात येण्यापूर्वी ठरवा.

मग निवडायचं कसं? माझं म्हणणं एवढंच: दर नव्या जहाजात एक नवं कसब शिकायचं, आणि जहाज वर्षभरात पुरं होईल असं घ्यायचं.

पहिली बोट एकसंध सांगाड्याची असेल, तर पुढचं कसब म्हणजे फळ्या बसवणं. कणा आणि बरगड्या उभ्या करून त्यांवर पातळ पट्ट्या एकेक करून लावायच्या. जहाज मध्ये रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळतं असतं, म्हणून प्रत्येक पट्टी टोकाकडे तासून अरुंद करावी लागते. ती तशीच रेटून बसवली, तर एकीवर एक चढते. हे आधी डोळ्यांनी पाहायचं असेल, तर एका रविवारी मुलांना ग्रिनिचला न्या. ईलिंग ब्रॉडवेहून एलिझाबेथ लाइननं कॅनरी वॉर्फ, तिथून डीएलआर. १८६९ सालचं 'कटी सार्क' तिथे उचलून ठेवलं आहे, त्याच्या पोटाखालून फिरता येतं. तो निमुळता आकार एकदा पाहिला की पट्टी का तासायची, हे मुलांना सांगावं लागत नाही.

या टप्प्यावर एका डोलकाठीची बोट घ्या. कॅल्डरक्राफ्टचं 'शेरबोर्न' हे १७६३ सालच्या कटरचं किट १:६४ प्रमाणाचं आहे. कटर म्हणजे किनाऱ्यावर चोरटा माल आणणाऱ्यांचा पाठलाग करणारी चपळ नौका. मॉडेल तयार झालं की साधारण अर्धा मीटर भरतं. तोफा थोड्या, दोर थोडे, पण फळ्यांचं काम अस्सल. तेही जास्त वाटत असेल, तर मॉडेल शिपवेजची छोटी 'डोरी' ही मासेमारीची होडी आहे. तिला डोलकाठीच नाही, सगळं लक्ष फळ्यांवर.

आता तो प्रश्न, जो मुलं कधी ना कधी विचारतातच: "बाबा, आपलं जहाज कुठलं?" त्याचं एक उत्तर इथेच, हार्टलपूलला उभं आहे. 'ट्रिंकोमाली' ही फ्रिगेट मुंबईत वाडिया कुटुंबाच्या देखरेखीखाली सागवानात बांधली गेली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. दोनशे वर्षांनंतरही ती तरंगते आहे. किंग्ज क्रॉसहून हार्टलपूलला थेट गाडी जाते. पण तिच्या तीन डोलकाठ्या आणि दोरांचं जाळं पाहता ती तुमची चौथी किंवा पाचवी बोट असू दे.

दुसरं उत्तर आंग्र्यांच्या आरमारात आहे. अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यानं गुराब आणि गलबत यांचं वर्णन केलं आहे. गुराब दीडशे ते तीनशे टनांची, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची. गलबत लहान, सत्तर टनांच्या आतलं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. अशी नौका करायची, तर स्वतः आराखडा काढून, लाकूड कापूनच करावी लागेल. त्यासाठी लागणारा हात 'शेरबोर्न'सारख्या छोट्या कामातच बसतो. म्हणजे आज छोटी बोट घेणं ही माघार नाही, गुराबीकडे जाणारी पायरी आहे.

विकत घेताना तीन गोष्टी पाहा. आराखडा पूर्ण आकारात आहे का, म्हणजे काठीचं माप थेट कागदावर धरता येईल. फळ्यांचे थर एक आहेत की दोन. दोन असतील तर पहिल्या थरातल्या चुका दुसऱ्याखाली झाकल्या जातात, शिकणाऱ्याला ते बरं. आणि अर्धवट झालेलं जुनं किट स्वस्तात मिळत असेल, तर आधी कणा सरळ आहे का ते बघा. वाकडा कणा पुढे सुधारत नाही.

पट्ट्या वाकवण्यापूर्वी पाण्यात भिजवा. धरून ठेवायला कपड्यांचे लाकडी चिमटे चालतात. वाफेचं आणि पात्याचं काम मोठ्यांनी करावं, घासताना मास्क लावावा. आणि एक पट्टी तरी मुलांनाच लावू द्या, वाकडी बसली तरी. पुढे घरातलं कुणी ती बोट दाखवायला घेईल, तेव्हा बोट आधी त्याच पट्टीवर ठेवील.