बाजारातील तरुण हात : कामाच्या जागी आरोग्य व सुरक्षितता

छत्तीसगढची राजधानी असलेल्या रायपूर शहराच्या मध्यभागी, मालवीय मार्गाला लागून, गोल बाजार वसलेला आहे. पूजेचे साहित्य, मसाले, भांडी, बांगड्या, लग्नकार्यास लागणाऱ्या वस्तू अशा नाना जिनसांची ही जुनी पेठ. १९५६ सालापर्यंत रायपूर व नागपूर ही शहरे एकाच प्रांतात होती आणि भोसल्यांच्या काळापासून येथे मराठी कुटुंबांची वस्ती आहे. त्यामुळे सणावाराच्या खरेदीसाठी ह्या पेठेत येणाऱ्यांमध्ये मराठी माणसेही असतात.

गिऱ्हाइकाच्या दृष्टीने बाजार ही खरेदीची जागा होय. परंतु गोणी उतरविणारा हमाल, मिरची तोलणारा नोकर, माळ्यावर चढून भांडी काढणारा पोऱ्या व शाळा सुटल्यावर वडिलांच्या गादीवर बसणारा मुलगा यांच्या दृष्टीने ती कामाची जागा आहे. कारखान्यातील फिरते चाक व वितळलेले लोखंड पाहून कोणीही सावध होतो. बाजारातील धोका मात्र ओळखीचा, रोजचा व शांत असतो. म्हणूनच तो ध्यानात येत नाही.

गोणी, शेंदूर आणि तार

प्रथम ओझ्याचा विचार करू. पाठीचा कणा हा तरफेप्रमाणे काम करतो. वीस किलोग्रॅमचे खोके हात लांब करून, कण्यापासून चाळीस सेंटिमीटर अंतरावर धरले, तर ते तोलून धरणाऱ्या पाठीच्या स्नायूंना कण्यापासून केवळ पाच सेंटिमीटर अंतरावरून ओढावे लागते. चाळीसला पाचाने भागले म्हणजे आठ येतात. अर्थात त्या स्नायूंवर वीसच्या आठपट, म्हणजे एकशे साठ किलोग्रॅम वजनाइतका ताण पडतो. तेच खोके अंगाशी, वीस सेंटिमीटरवर धरले तर हा ताण निम्म्यावर येतो. ह्यात वाकलेल्या शरीराचा भार धरलेलाच नाही. ज्याची हाडे अद्याप वाढत आहेत अशा मुलाच्या पाठीवर रोज हा ताण पडला, तर त्याचे परिणाम पुढे अनेक वर्षे भोगावे लागतात.

दुसरे उदाहरण शेंदराचे. परंपरेने देवाला लावला जाणारा शेंदूर हा शिशाचा एक ऑक्साइड आहे. त्याची पूड सुटी करून पुड्या बांधताना ती बोटांना, कपड्यांना लागते व हवेत उडते. न धुतलेल्या हाताने शेव-चिवडा खाल्ला की शिसे पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मुलांचे शरीर प्रौढांच्या चार ते पाचपट अंश शोषून घेते, आणि निर्धोक म्हणता येईल असे शिशाचे कोणतेही प्रमाण ज्ञात नाही. शिशामुळे मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो आणि तो बहुधा भरून निघत नाही. आज बाजारात शिसेविरहित शेंदूरही मिळतो. पण रंग पाहून दोहोंतील भेद कळत नाही. म्हणून पुड्या बांधण्याचे काम मुलांना न देणे, धूळ झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसणे व खाण्यापूर्वी साबणाने हात धुणे हेच खरे उपाय होत.

तिसरा धोका विजेचा. दाटीच्या दुकानांत एकाच खटक्यावर पंखा, दिवे व वजनकाटा जोडलेला असतो. तारेतून तिच्या ताकदीबाहेर प्रवाह वाहू लागला की ती तापते, तिचे आवरण वितळते आणि जवळच पुठ्ठा, कापूस वा कापूर असल्यास आग लागते. माणसाच्या शरीरातून सुमारे शंभर मिलिअँपिअर प्रवाह छातीवाटे गेला तरी हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो. साधा फ्यूज इतक्या अल्प प्रवाहाने वितळत नाही. त्यासाठी तीस मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारा वेगळा खटका बसवावा लागतो. विजेच्या आगीवर पाणी ओतू नये. प्रथम मुख्य खटका बंद करावा. तो कोठे आहे हे दुकानातील किती जणांना ठाऊक असते, हा प्रश्न प्रत्येक दुकानात विचारून पाहण्याजोगा आहे.

ह्यांत भर पडते ती उन्हाळ्याची. मे महिन्यात रायपूरचा पारा बेचाळीस अंशांच्या वर चढतो. अशा उष्म्यात जड काम करणाऱ्याच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत घाम जातो. तहान लागण्याची वाट पाहिली तर पुष्कळदा उशीर झालेला असतो.

तरुणांनाच इजा अधिक का होते?

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१८ साली तरुण कामगारांच्या सुरक्षिततेकडे जगाचे लक्ष वेधले. पंधरा ते चोवीस वर्षे वयाच्या कामगारांत प्राणघातक नसलेल्या इजांचे प्रमाण पंचवीस वर्षांवरील कामगारांपेक्षा चाळीस टक्क्यांपर्यंत अधिक असते, असे तिने त्या वेळी सांगितले.

तरुण निष्काळजी असतात, असे ह्याचे सोपे उत्तर दिले जाते. पण ते अपुरे आहे. नवा कामगार कामाला नवखा असतो. त्याला शिकविण्यास कोणाला सवड नसते. अवजारे व मांडण्या प्रौढांच्या उंचीला बेतलेल्या असतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ‘हे काम मला झेपणार नाही’ किंवा ‘हे कसे करावयाचे ते पुन्हा सांगा’ असे म्हणण्याचा त्याला संकोच वाटतो. प्रश्न विचारला तर आपण अडाणी ठरू व नोकरी जाईल, ही भीती त्याच्या मनात असते. जेथे प्रश्न विचारता येत नाही तेथे अपघात दबा धरून बसलेला असतो.

प्रश्नाचे हे महत्त्व वैद्यकशास्त्राने फार पूर्वी जाणले. इटलीतील बर्नार्दिनो रामाझ्झिनी ह्या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्यास इतर प्रश्नांबरोबर ‘तुम्ही काम कोणते करता?’ हेही विचारावे, असा त्याचा आग्रह होता. १७७५ साली इंग्लंडमधील पर्सिव्हल पॉट ह्या शल्यवैद्याने धुराडी साफ करणाऱ्यांना होणाऱ्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. ही धुराडी अरुंद असल्यामुळे त्यांत लहान मुलांना उतरवीत असत. रोग मात्र पुष्कळदा मोठेपणी प्रकट होई. बालपणीच्या कामाची किंमत प्रौढपणी कशी चुकवावी लागते, ह्याचे हे जुने उदाहरण होय.

मुंबईतील एक अर्ज

भारतात ह्या विषयाची वाटचाल मुंबईच्या गिरण्यांतून सुरू झाली. १८८१ च्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कारखान्यात कामास लावण्यास बंदी केली व सात ते बारा वयाच्या मुलांसाठी दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. त्या काळी हीसुद्धा सुधारणाच होती!

ह्या अपुऱ्या कायद्याविरुद्ध ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना एकत्र केले. १८८४ साली सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. आठवड्याची सुटी व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती ह्या मागण्या त्यात होत्या. कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन मिळावे आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या चरितार्थाची सोय व्हावी, अशीही मागणी होती. लोखंडे तेव्हा छत्तीस वर्षांचे होते. १८९० साली रविवारची सुटी मिळाली. ज्याला धोका सोसावा लागतो त्यानेच प्रथम तोंड उघडावे लागते, हा धडा मराठी मुलखाला तेव्हाच मिळाला.

पुढे १९४८ चा कारखाना कायदा झाला. ४ मार्च १९६६ रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. तो दिवस राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना सर्व व्यवसायांत कामास ठेवण्यास मनाई झाली, आणि चौदा ते अठरा वयाच्या किशोरांना खाणी, ज्वालाग्राही पदार्थ व इतर धोक्याची कामे वर्ज्य ठरली. शाळेची वेळ सोडून कुटुंबाच्या बिनधोक्याच्या धंद्यात मदत करण्याची मुभा मात्र राहिली. कामाच्या जागेची सुरक्षितता व आरोग्य ह्यांविषयी २०२० साली संमत झालेली नवी संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. ती सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते.

येथेच गोल बाजारासारख्या पेठेची अडचण उभी राहते. जेथे मालक, त्याचा मुलगा व दोन-तीन नोकर एवढाच परिवार, तेथे सुरक्षा अधिकारी कोठून येणार? रायपूरजवळील भिलाईच्या पोलाद कारखान्यात त्यासाठी स्वतंत्र विभाग असतो. दुकानात मालकाचे ज्ञान हाच विभाग. ते ज्ञान दुकानापर्यंत पोहोचविणारा दुवा पुष्कळदा घरातच असतो, आणि तो म्हणजे शाळेत जाणारा मुलगा किंवा मुलगी.

विद्यार्थ्यांनी काय करावे?

पहिले काम निरीक्षणाचे. शिक्षकांच्या देखरेखीखाली व दुकानदाराच्या संमतीने विद्यार्थ्यांच्या गटाने एखाद्या गल्लीचा साधा नकाशा काढावा. मुख्य खटके कोठे आहेत, अग्निशामक नळकांडे कोठे आहे, बाहेर पडण्याची वाट कोणत्या मालाने अडली आहे, पिण्याचे पाणी व हात धुण्याची सोय कोठे आहे, हे त्यावर खुणांनी दाखवावे. दोष दाखविणे हा नकाशाचा हेतू नसून दुकानदारासच तो भेट द्यावा.

दुसरे काम नोंदीचे. शिडी घसरली पण कोणी पडले नाही, तारेतून ठिणगी उडाली पण आग लागली नाही, अशा थोडक्यात टळलेल्या प्रसंगांची एक वही असावी. तीत कोणाचेही नाव लिहू नये. महिनाभराने वही उघडली म्हणजे एकच शिडी पाच वेळा घसरल्याचे दिसते आणि दोष माणसाचा नसून शिडीचा आहे, हे सिद्ध होते.

तिसरे काम शिकून शिकविण्याचे. भाजलेल्या जागेवर हळद किंवा टूथपेस्ट लावू नये. वीस मिनिटे वाहते गार पाणी सोडावे. विजेला चिकटलेल्या माणसास हाताने ओढू नये. आधी प्रवाह तोडावा. संकटकाळी ११२ ह्या क्रमांकावर व बालकांसाठी १०९८ वर मदत मिळते. एवढे जरी प्रत्येक विद्यार्थ्याने घरी सांगितले, तरी पुष्कळ साधेल.

मात्र एक सीमा पाळली पाहिजे. सुरक्षिततेची जबाबदारी मालकाची व शासनाची आहे. ती मुलांच्या शिरावर टाकणे म्हणजे आणखी एक ओझे देणे होय. उपायांचा क्रमही ध्यानात ठेवावा. धोका नाहीसा करणे सर्वांत उत्तम; ते न जमल्यास त्याजागी कमी धोक्याची वस्तू वा साधन आणणे; मग आडोसा, हवा, उजेड यांची व्यवस्था; त्यानंतर शिकवण; आणि हातमोजे-मुखपट्टी सर्वांत शेवटी. जड गोणीसाठी मुलाला पट्टा बांधण्यापेक्षा हातगाडी आणणे, आणि गोणीच लहान बांधून घेणे, हे अधिक शहाणपणाचे.

आज नकाशा काढणारा विद्यार्थी उद्या स्वतः दुकानदार, कामगार अथवा अभियंता होणार आहे. ‘हे असेच चालायचे’ हे वाक्य त्याच्या तोंडी न येता ‘हे असे का?’ हा प्रश्न आला, तर गोल बाजारातील एखादी शिडी वेळेवर दुरुस्त होईल, आणि त्या शिडीवर चढणारा मुलगा संध्याकाळी धडधाकट घरी जाईल.