गोष्टीचा खेळ कसा घ्यावा?

मित्रांनो, गोष्ट ऐकता येते तशी खेळताही येते. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी असा एक खेळ काढला. त्याचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. त्यात एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे गोष्टीतली माणसं होतात.

आपण पुस्तकातली 1660 सालची पन्हाळगडाची गोष्ट घेऊ. गडाला सिद्दी जौहरचा वेढा आहे. खेळात चार मावळ्यांना निरोप घेऊन विशाळगडाला जायचंय.

पहिल्यांदा खेळ घेणाऱ्याने ही तयारी करावी.

1. पाटीवर नकाशा काढावा. पन्हाळा, जंगल, घोडखिंड, विशाळगड.

2. प्रत्येक मावळ्याला एक गुण द्यावा. एक चपळ, एक ताकदवान, एक वाटाड्या, एक सोंग घेणारा.

3. तीनच अडचणी ठरवाव्यात. पहारेकरी, चिखल आणि पाठलाग. पण उत्तर ठरवू नये बरं का! "आता तुम्ही काय करता?" असं विचारून गप्प बसावं. आपणच उत्तर सांगितलं तर मग खेळ कसला?

4. दोन चिंचोके फोडून चार अर्धुकं करावीत व ती टाकावीत. दोन किंवा जास्त पांढरी पडली तर सोपं काम जमलं. अवघड कामाला तीन लागतात.

काम फसलं तरी खेळ थांबवू नये. पहारेकरी जागा झाला, आता काय, असं विचारावं. जो बोलत नाही त्याला नाव घेऊन विचारावं.

शेवटी खरा इतिहास सांगावा. खेळात काहीही होवो, बाजीप्रभूंनी घोडखिंडीत प्राण दिले, हे बदलत नाही.

— इयत्ता चौथी, जि. प. प्रा. शाळा, तलवाडा