पोरांच्या छातीतली थायमस



उसाचे बेणे आपण किती पारखून घेतो, ते सांगायला नको. तशीच पारख आपल्या शरीरातही चालते व बहुतेक लहानपणीच उरकते. तिची जागा म्हणजे थायमस ग्रंथी. छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या अंगाला ही मऊसर ग्रंथी असते. वयात आल्यावर ती आकसत जाते व तिच्या जागी चरबी भरते. म्हणून मराठी विश्वकोशात तिला 'यौवनलोपी ग्रंथी' म्हटले आहे. नाव जड खरे, पण चपखल.

फार दिवस ही ग्रंथी निरुपयोगीच समजत. १९६१ साली लंडनमध्ये शास्त्रज्ञ झाक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढून टाकली. ती पिले पुढे खंगली, रोगांना बळी पडली. दुसऱ्या उंदराची कातडी त्यांना लावली, तर ती परकी म्हणून शरीराने झिडकारलीही नाही. आपले कोण, परके कोण, ही ओळखच त्यांना नव्हती.

ती ओळख शिकवणे हे थायमसचे काम. हाडांच्या मज्जेत तयार झालेल्या कच्च्या पेशी येथे येतात. ज्यांना काहीच ओळखता येत नाही त्या बाद. ज्या स्वतःच्याच शरीरावर उठतील त्याही बाद. शंभरातल्या पाचसुद्धा पास होत नाहीत. इतकी कडक छाननी आपण बेण्याचीही करीत नाही! पास झालेल्या 'टी' पेशी (टी हा थायमसचाच) अंगभर पहारा देतात व वर्षानुवर्षे टिकतात. म्हणूनच मोठेपणी ग्रंथी आकसली तरी आपले बरेचसे निभते.

आता आपल्या कामाची गोष्ट. मुलाची उपासमार झाली की ही ग्रंथी झपाट्याने रोडावते. बोलिव्हिया देशात १९९० च्या दशकात डॉक्टरांनी कुपोषित मुलांची थायमस सोनोग्राफीने मोजली. चांगल्या आहाराने वजन महिन्याभरात भरून आले; ग्रंथी पूर्ववत व्हायला मात्र दोन महिने लागले. म्हणजे पोर दिसायला बरे, पण आतून अजून कच्चेच.

हंगामात तोडणीच्या टोळ्यांबरोबर लहान पोरे तळावर येतात. आई पहाटेच फडात जाते, पोर कोपीत राहते. अशा पोराचे वजन भरले, तरी जादा आहार लगेच बंद करू नये; आणखी महिना-दीड महिना तरी चालू ठेवावा. टोळी दुसरीकडे हलली तरी लसीची तारीख चुकू देऊ नये. कार्ड आईजवळ ठेवावे, म्हणजे जिथे मुक्काम पडेल तिथल्या सरकारी दवाखान्यात पुढची लस घेता येते.