वाटीभर सूप : थंडीतले गैरसमज आणि वस्तुस्थिती

मार्गशीर्ष-पौषात भाजीबाजार वर्षभरात कधी नसतो इतका भरलेला असतो. लाल गाजरं, मटार, पालक, फ्लॉवर, नवलकोल, बीट, पातीचा कांदा हे सगळं या दिवसांत ताजं मिळतं आणि परवडतंही. निफाडपासून नागपूरपर्यंत पहाटेची हुडहुडी सुरू झाली, की घरोघरी संध्याकाळी सुपाचं पातेलं चुलीवर चढतं. आपल्याला हे नवं नाही. मुगाचं आणि कुळथाचं कढण, टोमॅटोचं सार, कोकणातलं आमसुलाचं सार ही सगळी त्याच घराण्यातली. आजारातून उठलेल्या माणसाला मुगाचं यूष द्यावं, असं आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांनीही सांगून ठेवलं आहे.

तरीही सुपाबद्दल दोन टोकाच्या समजुती दिसतात. कुणाला ते सर्दीवरचं औषध वाटतं, तर कुणाला सत्त्व निघून गेलेलं रंगीत पाणी. दोन्ही चूक. सूप हे जेवण आहे. पातेल्यात काय पडलं, ते किती शिजलं आणि ताटात त्याच्या सोबतीला काय आलं, यावर त्याचा गुण ठरतो. म्हणून नेहमी ऐकू येणाऱ्या समजुती एकेक करून तपासू.

गैरसमज १ : गरम सूप पोटात गेलं की अंग तापतं.

वस्तुस्थिती : साधा हिशेब करून पाहा. पाव लिटर सूप ६० अंश सेल्सिअसला प्यायलं, तर शरीराच्या ३७ अंशांपेक्षा ते २३ अंशांनी गरम असतं. त्यातून शरीराला मिळणारी उष्णता सहा किलोकॅलरीच्या आतच राहते. साठ किलो वजनाच्या माणसाचं अंग एका अंशाने तापवायला मात्र सुमारे ५० किलोकॅलरी लागतात. म्हणजे वाटीभर सुपाने तापमान वाढतं ते जेमतेम एक दशांश अंश.

मग ऊब कशी वाटते? तोंड, घसा आणि अन्ननलिका यांतल्या मज्जातंतूंना गरमपणा लगेच कळतो. गरम वाटी हातात धरल्याने तळवे शेकले जातात. मिरी आणि मिरचीतले तिखट घटक तर थेट उष्णता ओळखणाऱ्या ग्राहींनाच चेतवतात. मिरचीतल्या कॅप्सेसिनच्या आधारे हा ग्राही शोधून काढणाऱ्या डेव्हिड ज्यूलियस यांना २०२१ मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. त्यामुळे मिरपूड घातलेलं सूप जास्त ‘गरम’ लागतं, हे खरंच आहे. पण ती जाणीव असते, अंगाचं तापमान तेवढं चढत नाही.

टिकणारी ऊब अन्न पचवताना तयार होते आणि त्यात प्रथिनं पुढे आहेत. प्रथिनांतून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी २० ते ३० टक्के ऊर्जा त्यांच्या पचनातच खर्च होऊन उष्णतेच्या रूपात बाहेर पडते. पिष्टमय पदार्थांत हे प्रमाण ५ ते १० टक्के असतं, स्निग्ध पदार्थांत त्याहूनही कमी. थंडीत नुसत्या भाजीच्या सुपापेक्षा मूठभर डाळ किंवा कुळीथ घातलेलं सूप जास्त वेळ ऊब देतं, ते यामुळे.

गैरसमज २ : सूप प्यायलं की सर्दी बरी होते.

वस्तुस्थिती : सर्दी विषाणूंमुळे होते आणि ती आपला काळ घेऊनच जाते. सुपाने विषाणू मरत नाहीत. आराम मात्र खरोखर पडतो. ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली सर्दी झालेल्या ३० जणांना फळांच्या रसाचं पेय दिलं, काहींना गरम आणि काहींना खोलीच्या तापमानाचं. गरम पेय घेणाऱ्यांना वाहणारं नाक, खोकला आणि शिंका यांबरोबरच घशाची खवखव, थंडी वाजणं आणि थकवा यांतही लगेच बरं वाटलं. यंत्राने मोजलं तेव्हा नाकातून जाणाऱ्या हवेत मात्र काही फरक पडलेला नव्हता.

अमेरिकेत स्टीफन रेनार्ड यांनी २००० मध्ये घरगुती चिकन सूप प्रयोगशाळेत तपासलं. सुपामुळे दाह वाढवणाऱ्या पांढऱ्या पेशींची हालचाल मंदावलेली दिसली. त्यातल्या भाज्या वेगवेगळ्या तपासल्या, तेव्हा त्यांतही हा गुण आढळला. हा प्रयोग माणसांवर नव्हे, काचेच्या भांड्यातल्या पेशींवर झाला होता. त्यावरून औषधाचा दावा करता येत नाही. सर्दीत घशाला शेक मिळतो, अंगात पाणी जातं आणि तोंडाला चव नसतानाही पोटात अन्न जातं. एवढं काम सूप चोख करतं. ताप उतरत नसेल, धाप लागत असेल किंवा लहान मूल मलूल पडलं असेल, तर सुपाच्या भरवशावर न राहता डॉक्टर गाठावा.

गैरसमज ३ : भाज्या उकळल्या की सगळी जीवनसत्त्वं जातात.

वस्तुस्थिती : सगळी जात नाहीत, आणि काही घटक तर शिजल्यावरच अंगी लागतात. ‘क’ जीवनसत्त्व उष्णतेने कमी होतं आणि पाण्यात उतरतं. भाजी उकडून पाणी ओतून दिलं, तर ते त्या पाण्याबरोबर मोरीत जातं. सुपात मात्र आपण ते पाणीच पितो, म्हणून उतरलेलं बरंचसं सत्त्व पोटात येतं.

टोमॅटोचा लाल रंग ज्याने येतो ते लायकोपीन आणि गाजर-भोपळ्यातलं कॅरोटीन कच्च्या भाजीच्या पेशींत अडकून असतं. शिजवून घोटल्यावर ते मोकळं होतं. कॉर्नेल विद्यापीठात २००२ मध्ये टोमॅटो ८८ अंशांना अर्धा तास तापवले, तेव्हा ‘क’ जीवनसत्त्व एक तृतीयांशाहून कमी घटलं आणि मोकळं झालेलं लायकोपीन दुपटीहून जास्त वाढलं.

मात्र हे दोन्ही घटक स्निग्धात विरघळतात. सुपात तूप-तेलाचा थेंबही नसेल, तर ते नीट शोषले जात नाहीत. आपल्या सारावरची जिरं-तुपाची फोडणी स्वादाबरोबर हेही काम करते. माणशी चमचाभर तूप पुरे. आच बंद केल्यावर वरून लिंबू पिळलं, तर ‘क’ जीवनसत्त्वाची भर पडते आणि पालक व डाळींतलं लोहही शरीराला जास्त मिळतं.

गैरसमज ४ : गाळलेलं, एकजीव सूप पचायला हलकं, म्हणून तेच उत्तम.

वस्तुस्थिती : पोट बिघडलं असेल किंवा मोठ्या दुखण्यातून नुकतं उठलं असाल, तर गाळलेलं कढण बरं. निरोगी माणसाने चोथा टाकणं म्हणजे तंतू टाकणं. थंडीत पाणी कमी प्यायलं जातं, बद्धकोष्ठाच्या तक्रारी वाढतात आणि नेमकी तेव्हाच तंतूंची गरज असते. मिक्सरमधून काढल्याने तंतू नष्ट होत नाहीत, फक्त बारीक होतात. ते गाळणीत अडकवून फेकणं टाळायला हवं. शेवग्याच्या शेंगांचं सूप गाळावंच लागतं. तिथे शेंगांचा गर चमच्याने काढून परत सुपात मिसळावा.

मिक्सर फिरवताना एक काळजी घ्या. उकळतं सूप घालून झाकण घट्ट लावलं, तर वाफेच्या दाबाने ते उडतं आणि हात भाजतो. सूप कोमट होऊ द्या आणि भांडं अर्धंच भरा.

गैरसमज ५ : कॉर्नफ्लोअर किंवा क्रीम घातल्याशिवाय दाटपणा येत नाही.

वस्तुस्थिती : कॉर्नफ्लोअर म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यात प्रथिनं नावापुरती असतात, तंतूही नसल्यासारखेच. हॉटेलच्या सुपाला चकाकी येते ती त्याने. घरी तोच दाटपणा दोन चमचे मूगडाळ, लाल भोपळ्याची फोड, छोटा बटाटा किंवा भाजलेल्या नाचणीचं पीठ देतं. माणशी २५ ग्रॅम मूगडाळ घातली, तर सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात आणि सूप आपोआप दाट होतं.

पाकिटातल्या सुपात दाटपणाबरोबर मीठही भरपूर असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे मोठ्या माणसाच्या पोटात दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ जायला हवं. म्हणजे सपाट चमचाभर, आणि त्यात लोणचं, पापड, आमटी सगळं आलं. पाकीट घेताना मागे छापलेला सोडियमचा आकडा पाहावा. दोन ग्रॅम सोडियम म्हणजे पाच ग्रॅम मीठ, हे लक्षात ठेवलं की हिशेब सोपा होतो.

गैरसमज ६ : पालक हिरवागार राहायला चिमूटभर सोडा हवाच.

वस्तुस्थिती : सोड्याने रंग टिकतो, पण ‘ब-१’ आणि ‘क’ ही जीवनसत्त्वं झपाट्याने नष्ट होतात. पालक काळपट पडतो तो भाजीतल्याच आम्लामुळे. ते हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम हुसकावून लावतं. झाकण ठेवून बराच वेळ शिजवलं, की ही आम्लं वाफेबरोबर बाहेर पडत नाहीत. उपाय सोपा आहे. कांदा, लसूण आणि डाळ आधी शिजवून घ्या, पालक शेवटी घाला, झाकण न ठेवता दोन मिनिटं उकळा आणि आच बंद करा. लिंबू वाढताना पिळा.

गैरसमज ७ : रात्री नुसतं सूप प्यायलं की वजन उतरतं.

वस्तुस्थिती : पातळ भाजीच्या सुपात ऊर्जा कमी आणि प्रथिनं त्याहून कमी असतात. नुसत्या वाटीवर झोपलं, तर रात्री भूक लागते आणि हात फरसाणाच्या डब्याकडे जातो. सुपाचा खरा उपयोग जेवणाच्या सुरुवातीला होतो. पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात ज्यूली फ्लड आणि बार्बरा रोल्स यांनी २००७ मध्ये दाखवलं, की जेवणाआधी कमी कॅलरींचं सूप घेणाऱ्यांनी सूप धरूनही एकूण २० टक्के कमी ऊर्जा घेतली. सूप पातळ असो, घोटलेलं असो की तुकड्यांचं, परिणाम सारखाच होता. सुपावरच जेवण भागवायचं असेल, तर त्यात डाळ किंवा पनीर हवं आणि सोबत अर्धी भाकरी हवी.

गैरसमज ८ : जितकं कढत, तितकं गुणकारी.

वस्तुस्थिती : आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंशांपेक्षा गरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरणाऱ्या गटात टाकली. दोष पेयाचा नाही, चटक्याचा आहे. वाटीत वाढल्यावर काही मिनिटं थांबा आणि घोट सहज घेता येईल तेव्हाच प्या. लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांच्या बाबतीत हे कटाक्षाने पाळा.

गैरसमज ९ : थंडीत सूप रात्रभर ओट्यावर टिकतं, सकाळी उकळलं की झालं.

वस्तुस्थिती : बाहेर पारा उतरला, तरी स्वयंपाकघर फ्रिजइतकं थंड होत नाही, आणि झाकलेलं मोठं पातेलं कित्येक तास कोमटच राहतं. ५ ते ६० अंश या टप्प्यात जिवाणू वाढतात. बॅसिलस सिरियससारख्या जिवाणूंची बीजं उकळीतही जगतात आणि त्याचं उलट्या घडवणारं विष पुन्हा उकळूनही जात नाही. उरलेलं सूप उथळ भांड्यांत काढा, भांडी गार पाण्यात ठेवून निववा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. दोन-तीन दिवसांत संपवा. हवं तेवढंच काढून खळखळून उकळा.

गैरसमज १० : भाजीचं सूप सगळ्यांनाच चालतं.

वस्तुस्थिती : मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी जपायला हवं. भाजीतलं पोटॅशियम पाण्यात उतरतं आणि सुपात ते पाणी पूर्ण पोटात जातं. अशांनी सुपाचं प्रमाण डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञांना विचारूनच ठरवावं. रक्तदाब असलेल्यांनी मीठ हात राखून घालावं. आलं, लसूण, मिरी आणि लिंबू यांनी ती उणीव भरून निघते.

आता हे सारं एका पातेल्यात आणू. चौघांसाठी चमचाभर तुपात जिरं, ठेचलेला लसूण आणि कांदा परता. अर्धी वाटी धुतलेली मूगडाळ, दोन गाजरं, दोन टोमॅटो आणि लाल भोपळ्याची मोठी फोड घाला. पाच वाट्या पाणी घालून कुकरला तीन शिट्ट्या द्या. वाफ गेल्यावर रवीने घोटा, गाळू नका. बेताचं मीठ आणि मिरपूड घालून एक उकळी आणा. वाढताना लिंबू, कोथिंबीर आणि वर थोडं तूप.

दातांनी साथ सोडलेल्या आजी-आजोबांना आणि भाजी पाहून तोंड फिरवणाऱ्या मुलांना भाजी-डाळ पोटभर देण्याचा याहून सोपा मार्ग नाही. म्हणून त्यांच्या वाटीत वरचं पाणी वाढू नका. डाव तळापर्यंत घाला आणि गर वर काढून वाढा.